वाघीण पुन्हा रुळावर आणताना: हेरिटेज रेल्वेत हौशी हातांनी करायचं काम

मालगाडीच्या डब्याला आपल्याकडे वाघीण म्हणतात. इंग्रजी वॅगनचं मराठीत झालेलं हे बारसं मला फार आवडतं, कारण गेली काही वर्षं माझे बहुतेक शनिवार अशाच एका म्हाताऱ्या वाघिणीच्या सेवेत गेले आहेत. मी इंग्लंडमध्ये राहतो. घरापासून तासाभरावर एक छोटी, दोन फूट रुंदीची हेरिटेज रेल्वे, म्हणजे जतन करून चालवलेली जुनी रेल्वे आहे. माथेरानच्या गाडीच्या रुळांइतकीच ही रुंदी. तिकीट तपासण्यापासून इंजिन पेटवण्यापर्यंत तिथली बहुतेक कामं स्वयंसेवक करतात. इकडच्या मराठी मंडळांत दर वेळी कोणीतरी विचारतं, "आम्हाला यायचंय, पण येत काहीच नाही. काय करायचं असतं तिथे?" हा लेख त्या प्रश्नाचं सविस्तर उत्तर आहे.

या सगळ्याचं मूळ वेल्समध्ये आहे. टाउइन गावातून डोंगरातल्या पाटीच्या दगडाच्या खाणीकडे जाणारी टॅलिथ्लिन रेल्वे १८६५ साली सुरू झाली. १९५० मध्ये तिचे मालक सर हेडन जोन्स वारले आणि ती बंद पडणार हे उघड झालं. तेव्हा लेखक टॉम रोल्ट आणि त्यांच्या मित्रांनी ऑक्टोबर १९५० मध्ये बर्मिंगहॅमला सभा बोलावली, संस्था काढली आणि मे १९५१ मध्ये स्वयंसेवकांच्या जोरावर गाडी सोडली. हौशी लोकांनी वाचवून चालवलेली जगातली ही पहिली रेल्वे. त्या वेळी चालू स्थितीत एकच इंजिन होतं, १८६६ सालचं 'डॉलगॉख'. शेजारच्या बंद पडलेल्या कॉरिस रेल्वेची दोन इंजिनं त्यांनी प्रत्येकी २५ पौंडांना विकत घेतली. आज ब्रिटनमध्ये गावोगावी दिसणाऱ्या हेरिटेज रेल्वे याच वाटेने आल्या.

इंजिनाच्या मागे लागू नका

नवा माणूस शेडमध्ये शिरतो तो इंजिनाकडे बघतच. साहजिक आहे. पण इंजिन म्हणजे बॉयलर, आणि बॉयलर म्हणजे कायदा. दाबाखालच्या भांड्यांसाठी इथे २००० सालचे स्वतंत्र नियम आहेत. तपासणी कशी आणि किती काळाने करायची याचा लेखी आराखडा लागतो, आणि सक्षम तपासनीसाने सही केल्याशिवाय आग पेटत नाही. साधारण दहा वर्षांनी बॉयलर सांगाड्यावरून उचलून मोठी दुरुस्ती करावी लागते. मोठ्या इंजिनाचं हे बिल लाखो पौंडांत जातं. अशा कामात नवख्याच्या वाट्याला वर्षभर नळ्यांतली काजळी काढणं येतं. ते कामही लागतंच, पण त्यातून शिकायला फारसं मिळत नाही.

वाघिणीचं तसं नसतं. चार चाकं, त्यांना जोडणारे दोन अ‍ॅक्सल, लाकडी किंवा लोखंडी सांगाडा, वर फळ्या, एक हातब्रेक आणि दोन्ही टोकांना जोडणीचे आकडे, एवढाच संसार. पण त्यात सुतारकाम, लोहारकाम, फिटरचं काम आणि रंगकाम असं सगळं येतं. चार-पाच माणसांची टोळी दीड-दोन वर्षांत ती पुरी करू शकते आणि शेवटी ती खरोखर चालते. म्हणून पहिला सल्ला हा: कामांची यादी लावलेली असेल तर इंजिनाच्या नव्हे, वाघिणीच्या टोळीत नाव लिहा.

पहिले चार शनिवार

सभासद व्हा. वर्गणी फार नसते आणि विमा बहुतेक त्यातूनच लागू होतो. त्यानंतर सुरक्षेची ओळख करून देतात. ती ऐकताना मोबाइल बाहेर काढू नका. म्हातारे फिटर हे लक्षात ठेवतात. रूळ ओलांडताना दोन्हीकडे पाहायचं, दोन डब्यांच्या मधून कधी जायचं नाही, उभ्या गाडीला 'उभी' समजायचं नाही. पोलादी टोपीचे बूट स्वतःचे घ्या, नारिंगी जाकीट ते देतात. अंगठी, कडं, गळ्यातली साखळी, मंगळसूत्र, ओढणी हे सगळं घरी. फिरत्या लेथजवळ लोंबणारी कुठलीही गोष्ट हात किंवा गळा ओढून नेते. अंगठी बोल्टात अडकली तर बोटाचं काय होतं याचा फोटो आमच्या चहाच्या खोलीत लावलेला आहे. तो एकदा पाहिला की पुन्हा सांगावं लागत नाही.

सुरुवातीला झाडू मारा, चहा करा, हत्यारं पुसून जागेवर ठेवा. कोण काय जाणतो हे कळायला यासारखा मार्ग नाही. आमच्याकडे आयुष्यभर बँकेत काम केलेला एक गृहस्थ रिव्हेट, म्हणजे पत्रे जोडायला तापवून ठोकायचे खिळे, मारण्यात सगळ्यांत तरबेज आहे. ते मला आले घालून केलेल्या चहामुळे कळलं.

खोलण्याआधी लिहा

सगळ्यांत जास्त चुका इथे होतात, म्हणून इथे थोडा रेंगाळतो.

वाघीण शेडमध्ये आली की पाना उचलायची घाई होते. ती आवरा. निदान दोन पूर्ण शनिवार फक्त फोटो, मापं आणि नोंदी यांना द्या. चारही बाजूंनी लांबून, मग प्रत्येक सांधा जवळून, शेजारी मोजपट्टी ठेवून. प्रत्येक तुळईला, प्रत्येक लोखंडी पट्टीला नंबर द्या. डावं-उजवं असं लिहू नका, कारण वाघीण फिरवली की ते उलटतं. एका टोकाला 'अ' म्हणा, दुसऱ्याला 'ब', आणि ती अक्षरं सांगाड्यावर ठोकून ठेवा. रंगाने लिहिलेली खुणेची अक्षरं रंग काढताना जातात. हे मला कसं कळलं ते विचारू नका.

रंगाचे थर पाहण्यासाठी, फळ्या ज्या पट्टीखाली झाकल्या गेल्या असतील तिथे रुपयाएवढी जागा निवडा आणि बारीक काचकागद पाण्यात भिजवून उताराने घासा. झाडाच्या खोडात दिसतात तशी वर्तुळं दिसू लागतात: वरचा राखाडी, खाली तांबडा, त्याखाली अस्तर, मग लाकूड. प्रत्येक थराची नोंद करा आणि तेवढा तुकडा न रंगवता राखून ठेवा.

जुन्या कृष्णधवल फोटोंवर डोळे मिटून विश्वास ठेवू नका. त्या काळातल्या बऱ्याच काचेच्या प्लेटा लाल रंगाला आंधळ्या होत्या. लाल डबा फोटोत जवळजवळ काळा दिसतो, निळा फिकट दिसतो. फोटोत काळी दिसली म्हणून काळी रंगवलेली वाघीण मुळात तांबडी असू शकते.

नोंद कशासाठी करायची याचं माझं आवडतं उदाहरण टॅलिथ्लिनचंच आहे. तिथल्या मूळ डब्यांना एकाच बाजूला दारं वापरात आहेत. नवख्या सुताराला वाटेल की दुसऱ्या बाजूची कोणीतरी बुजवून टाकली, आपण परत बसवावीत. खरी गोष्ट वेगळी आहे. १८६६ मध्ये सरकारी निरीक्षक कॅप्टन टायलर तपासणीला आले तेव्हा पुलांच्या भिंती आणि डबे यांच्यात दोन फूटही जागा नव्हती. अपघात झाला तर उतारूंनी उतरायचं कुठून? तोडगा असा निघाला की डब्यांची एका बाजूची दारं कायमची बंद करायची आणि पुलांखालचे रूळ एका अंगाला सरकवायचे. ती 'चूक' म्हणजेच त्या रेल्वेचा इतिहास आहे. तुमच्या वाघिणीतही असं काहीतरी सापडेल: एखादं जास्तीचं भोक, न जुळणारा बोल्ट, एका बाजूला ठोकलेली पट्टी. ते का आहे हे कळेपर्यंत हात लावू नका.

याच टप्प्यावर टोळीने एकत्र बसून एका प्रश्नाचं उत्तर लिहून काढायचं असतं: वाघीण कुठल्या काळातली दाखवायची? कारखान्यातून आली तेव्हाची की काम करून दमली तेव्हाची? माझं मत दुसऱ्याकडे झुकतं, पण वाद दोन्ही बाजूंनी होतो आणि तो रंगवण्याच्या दिवशी होण्यापेक्षा आता झालेला बरा.

विषारी गोष्टी

जुन्या गाड्यांत अ‍ॅस्बेस्टॉस आणि शिसं असतं असं धरूनच चाला. बॉयलरभोवतीचं वेष्टन, गास्केटं, काही ब्रेकचे ठोकळे, डब्यांच्या भिंतींतलं भरण या सगळ्यांत अ‍ॅस्बेस्टॉस सापडतं. ब्रिटनमध्ये त्याच्यावर पूर्ण बंदी १९९९ मध्ये आली, म्हणजे त्याआधीचं काहीही संशयास्पद. पांढरट, तंतूतंतू दिसणारं काही आढळलं तर हात लावू नका, झाडू तर मुळीच मारू नका. जबाबदार माणसाला बोलवा. ते काढणं परवानाधारकांचं काम.

शिशाचा रंग मात्र आपल्यालाच काढावा लागतो. कोरडा घासायचा नाही, ज्योतीने जाळायचा नाही. ओला घासा किंवा रासायनिक लेप लावून खरवडा, धूळ गाळणारा पी-३ दर्जाचा मुखवटा लावा आणि चहाच्या आधी हात स्वच्छ धुवा. ते कपडे घरच्या कपड्यांत धुवायला टाकू नका.

उचलणं आणि खोलणं

जॅक उचलण्यासाठी असतो, टेकवण्यासाठी नाही. वाघिणीचं एक टोक उचलायचं असेल तर दुसऱ्या टोकाच्या चाकांना दोन्ही बाजूंनी पाचरी लावा. थोडं उचला, कठीण लाकडाचे ठोकळे आडवे-उभे रचा, पुन्हा थोडं उचला, पुन्हा ठोकळा. शेवटी वजन पूर्ण ठोकळ्यांवर उतरवा आणि मगच कोणी खाली जायचं. नुसत्या जॅकवर टेकलेल्या वाघिणीखाली डोकं घालणाऱ्याला आमच्याकडे त्या दिवसापुरतं घरी पाठवतात, मग तो कितीही जुना असो.

आता बोल्ट. जुन्या ब्रिटिश गाड्यांवर व्हिटवर्थ आटे असतात, १८४१ साली जोसेफ व्हिटवर्थने बांधून दिलेल्या मापांचे, ५५ अंशांच्या कोनाचे. या पान्यांवरचा आकडा जबड्याचा नसतो, बोल्टाच्या जाडीचा असतो. अर्धा इंच लिहिलेल्या पान्याचा जबडा सुमारे ०.९२ इंच. त्यावर घरून आणलेला २४ मिलिमीटरचा पाना बसल्यासारखा वाटतो आणि नटाचे कोपरे गोल करून ठेवतो. परळच्या वर्कशॉपात किंवा कुर्डुवाडीला काम केलेले कोणी काका ओळखीचे असतील तर त्यांना विचारा. त्यांच्या तोंडी अजून 'चार सुती बोल्ट' असतो. आठ सूत म्हणजे एक इंच, चार सूत म्हणजे अर्धा. ही भाषा येत असेल तर इथल्या म्हाताऱ्यांशी तुमचं लगेच जमेल, कारण तेही आठव्या हिश्श्यांतच विचार करतात.

गंजून बसलेला नट निघत नसेल तर आधी तारेच्या ब्रशने आटे साफ करा, भेदक तेल सोडा आणि पुढच्या शनिवारपर्यंत विसरून जा. मग हलक्या हातोडीने चारही अंगांनी ठोका. सोडवायच्या आधी किंचित आवळून पाहा. गंजाची पकड बऱ्याचदा त्यानेच सुटते. तरीही नाही निघाला तर गॅसने नट तापवायचा. नट प्रसरण पावतो, बोल्ट अजून थंड असतो, तेवढ्या वेळात फिरवायचं. सगळ्यात शेवटी कापायचा. काढलेला प्रत्येक भाग पिशवीत, पिशवीला धातूचा बिल्ला. कागदी चिठ्ठी तेलात विरघळते.

लाकूड

वाघिणीचा लाकडी सांगाडा बहुधा ओकचा असतो आणि कुजतो तो नेमका सांध्यांत, जिथे पाणी साचतं. वरून रंग छान दिसतो, आत भुसा. परीक्षा सोपी आहे: दाभण घ्या आणि प्रत्येक सांध्याभोवती टोचत जा. चांगल्या ओकमध्ये ते थांबतं, कुजक्यात लोण्यासारखं जातं. जिथे थांबतं तिथे खडूने रेघ मारा. ती रेघ म्हणजे तुमच्या कापण्याची हद्द.

अख्खी तुळई बदलण्याचा मोह होतो, कारण ते सोपं असतं. पण दोन हात कुजलं असेल तर दोन हातच काढावं आणि नवा तुकडा लांब तिरक्या सांध्याने जोडावा. सगळंच बदललं तर जुनं काय उरलं? टोकाच्या आडव्या तुळईला लांब तुळया कूस-साल पद्धतीने बसतात: एकीचं कोरलेलं टोक म्हणजे कूस, ते दुसरीच्या ज्या खाचेत बसतं ती साल. साल कोरताना जुन्या तुळईचं माप नव्यावर उतरवा, पुस्तकातलं नाही. शंभर वर्षांत सगळं थोडं तिरकं झालेलं असतं. गुण्या लावून 'बरोबर' केलेला एक सांधा उरलेले तीन बिघडवतो. कर्णांची मापं मात्र दर टप्प्याला घ्या. दोन्ही कर्ण सारखे भरले तर सांगाडा काटकोनात, नाहीतर चाकं रुळांवर तिरकी बसतील.

सांधा कायमचा ठोकण्यापूर्वी कुशीला आणि सालीच्या आतून अस्तराचा हात द्या. ओकमधलं टॅनिन लोखंडाशी भांडतं, लाकूड काळं पडतं आणि बोल्ट खातं, म्हणून बोल्टांच्या भोकांतही रंग सोडा.

एक मोह टाळा: मजबुती म्हणून आतून पोलादी पट्ट्या ठोकू नका. छोट्या रेल्वेचे रूळ हलके असतात आणि प्रत्येक अ‍ॅक्सलवर किती वजन येतं यावर सगळा हिशेब उभा असतो. हा हिशेब आपल्या बार्शीला फार शिस्तीने मांडला गेला होता. बार्शी लाइट रेल्वेचे इंजिनिअर एव्हरार्ड कॅलथ्रॉप यांनी १८९७ मध्ये सुरू झालेल्या त्या मार्गासाठी इंजिन असो वा वाघीण, कुठल्याही अ‍ॅक्सलवर पाच टनांपेक्षा जास्त भार नको असं ठरवलं होतं. तोच अनुभव घेऊन त्यांनी पुढे इंग्लंडमध्ये स्टॅफर्डशरची लीक अँड मॅनिफोल्ड रेल्वे केली, तीही बार्शीसारखीच अडीच फुटी. इकडच्या नॅरोगेजवाल्यांना बार्शी हे नाव ठाऊक असतं, याचा मला अजून अचंबा वाटतो.

लोखंड

गंज काढल्यावर पट्टी किती उरली ते कॅलिपरने मोजा. डोळ्यांना जाड दिसणारी पट्टी बोल्टाजवळ कागदासारखी झालेली असते. जिथे मुळात रिव्हेट होते तिथे रिव्हेटच मारावेत. त्याला तीन माणसं लागतात: एक भट्टीशी, एक मागून दाब धरणारा, एक हातोड्याचा. रिव्हेट पिवळसर नारिंगी तापला की भोकात घालायचा आणि रंग लालसर पडायच्या आत डोकं घडवायचं. गोल डोक्यासाठी बाहेर उरलेली दांडी जाडीच्या साधारण दीडपट लांब लागते. थंड होताना रिव्हेट आकसतो आणि दोन पत्रे असे आवळतो की बोल्टाने तसे आवळले जात नाहीत. पहिले वीस रद्दी पत्र्यावर मारा. माझे पहिले वीस अळंब्यांसारखे दिसत होते.

चाकं, अ‍ॅक्सल आणि ब्रेक

इथे हौसेची हद्द संपते. मोजणं आपलं, निर्णय जाणकाराचा.

दोन चाकांच्या आतल्या बाजूंमधलं अंतर परिघावर तीन ठिकाणी मोजा. तिन्ही सारखी आली पाहिजेत. फरक असेल तर अ‍ॅक्सल वाकला आहे किंवा चाक सरकलं आहे. चाकाची कड किती झिजली ते साच्याने पाहा. अ‍ॅक्सलला तडा आहे का हे डोळ्यांनी कळत नाही. त्यासाठी अल्ट्रासॉनिक किंवा चुंबकीय चाचणी करणाऱ्याला बोलवावं लागतं आणि त्याचे पैसे द्यावेच लागतात.

अ‍ॅक्सल ज्यावर फिरतो त्या पितळी बेअरिंगला आतून व्हाइट मेटलचा, म्हणजे कथील, अँटिमनी आणि तांबं यांच्या मिश्रणाचा मऊ थर असतो. तो झिजला की नवा ओततात. साच्यात पाण्याचा एक थेंब जरी राहिला तरी वाफ होऊन वितळलेला धातू उसळतो, म्हणून ते काम शिकलेल्यानेच करायचं. नंतरचं खरवडणं मात्र तुम्हाला मिळेल आणि ते सुंदर काम आहे. अ‍ॅक्सलला निळ्या रंगाचा पुसट हात द्यायचा, बेअरिंग ठेवून फिरवायचं, उचलायचं. जिथे निळं लागलं तो उंचवटा; तेवढाच खरवडायचा. असं पन्नास वेळा. निळे ठिपके माथ्यावर सगळीकडे सारखे पसरले की झालं. सबंध दिवस एका बेअरिंगला गेला तर तो वाया गेला असं समजू नका.

ब्रेकच्या दांड्या, खिळे आणि जोडणीचे आकडे यांत 'चालून जाईल' हा शब्द नाही. १२ जून १८८९ रोजी आयर्लंडमधल्या आर्माजवळ चढावर अडकलेल्या सहलीच्या गाडीचे मागचे डबे सोडवून ठेवले गेले. ते ब्रेकने धरले नाहीत, उतारावरून मागे घरंगळले आणि मागून येणाऱ्या गाडीवर आदळले. सुमारे ८० माणसं गेली, त्यांत बरीच मुलं होती. उतारूंच्या गाडीला सलग ब्रेक, म्हणजे सगळ्या डब्यांना एकदम लागणारा ब्रेक, सक्तीचा करणारा कायदा त्याच वर्षी झाला. आमच्या वाघिणीला साधा हातब्रेकच आहे, पण तिची चाचणी उतारावर होते: भार भरून, ब्रेक आवळून, चाकापासून चार बोटांवर पाचर ठेवून. सरकली तर पाचर धरते आणि वाघीण परत शेडमध्ये येते.

रंग आणि अक्षरं

लांबी (पुट्टी) भरा, घासा, अस्तर, मग दोन मधले हात, वर चकचकीत. प्रत्येक हातानंतर ओला काचकागद. शेड दहा अंशांखाली असेल तर मी ब्रश हातात घेत नाही; इंग्लंडात याचा अर्थ अर्धं वर्ष रंगकाम बंद. अक्षरं हातानेच काढा. जुन्या फोटोवरून कागदावर पूर्ण मापात उतरवा, कागदाच्या मागे खडू घासा, वाघिणीवर चिकटवून पेन्सिलीने गिरवा. खडूची पुसट रेघ उमटते, ती भरायची. छापील स्टिकर दहा फुटांवरूनही स्टिकरच दिसतो.

पहिली फेरी

सही करण्याचा अधिकार असलेला माणूस सगळं तपासतो. मग रिकामी वाघीण, चालण्याच्या वेगाने, शंभर यार्ड. थांबा, चारही चाकांजवळच्या बेअरिंगच्या पेट्यांना, म्हणजे अ‍ॅक्सलबॉक्सना हात लावून पाहा. कोमट चालतं, हात ठेवता येत नसेल तर बेअरिंग पुन्हा खरवडायचं आहे. मग अर्धा मैल, मग भार भरून. कुठे घासल्याची चमकदार रेघ दिसते का, कुठून तेल गळतं, सगळं तारखेसह वहीत.

आणि एक महिन्याने सगळे बोल्ट पुन्हा आवळा. नवा ओक सुकताना आकसतो आणि मार्चमध्ये घट्ट असलेले नट जुलैपर्यंत बोटाने फिरू लागतात. आमच्या वाघिणीचे सोळा निघाले. त्यातला एक 'ब' टोकाचा होता, आणि त्याचा बिल्ला अजून माझ्या खिशातच होता.